वेळापत्रकात नसलेली ओळ

बँकेच्या कामात दिवसअखेरीची एक शिस्त असते. रोकड मोजायची, व्हाउचरे तपासायची, जमा आणि नावे या दोन्ही बाजू सारख्या आल्या की मगच तिजोरीला किल्ली लावायची. या शिस्तीला एकच गोष्ट दाद देत नाही. जी नोंद कोणी केलीच नाही, ती कोणत्याही ताळ्यात सापडत नाही. बेरजा बिनचूक जुळतात आणि तरीही हिशेब चुकलेला असतो. कुटुंबाच्या व्यवहारातही असे घडते. कोल्हापूरजवळच्या एका गावातील कुटुंबाने इटलीतील फ्लॉरेन्स शहरात घालवलेल्या एका दिवसाची ही हकीकत अशाच एका राहून गेलेल्या नोंदीची आहे.

आप्पा बहात्तर वर्षांचे, हायस्कूलमधून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. अक्का सदुसष्टच्या, गुडघे कुरकुरणारे, पण तक्रार ओठांवर न येणाऱ्या. मुलगा अकरा वर्षे जर्मनीत अभियंता. त्याची पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा असे सहा जणांचे हे कुटुंब मे महिन्याच्या अखेरीस आठ दिवसांच्या इटली प्रवासाला निघाले होते. व्हेनिस झाले होते, रोम व्हायचे होते. मधला एकच दिवस फ्लॉरेन्सच्या वाट्याला आला होता.

त्या एका दिवसासाठी मुलाने संगणकावर तक्ता केला होता. वेळ, ठिकाण, तिकीट, चालण्याचे अंतर आणि शेवटी 'झाले' असा रिकामा रकाना. सकाळी सव्वाआठपासून रात्रीच्या गाडीपर्यंत अकरा ओळी. हा खटाटोप हौसेपोटी नव्हता. आईवडील एवढ्या लांब पुन्हा कधी येतील, येऊ शकतील की नाही, हे त्याला कोणी सांगू शकत नव्हते. म्हणून जे दाखवायचे ते सारे याच खेपेला दाखवून घ्यावे, अशी त्याची धडपड होती. घाईच्या मुळाशी माया होती, हे आधीच सांगितले पाहिजे.

प्रवासाच्या तीन आठवडे आधी आप्पांनी फोनवर एक गोष्ट बोलून पाहिली होती. "फ्लॉरेन्सला काशिने म्हणून एक बाग आहे. तिच्या टोकाला आपल्या राजाराम महाराजांची छत्री आहे. जमलं तर बघू."

मुलाने नकाशा उघडला. ती जागा शहराच्या पार पश्चिमेला, सगळ्या प्रसिद्ध ठिकाणांपासून दूर. "आप्पा, एका दिवसात बसत नाही हो ते. शिवाय तिकडे दुसरं काहीच नाही."

"बरं," आप्पा म्हणाले.

मुलाच्या लेखी विषय तेथे संपला.

त्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे सव्वाआठला कुटुंब अकादेमिया या संग्रहालयात पोहोचले. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला डेव्हिडचा संगमरवरी पुतळा येथे आहे. तो मूळचा नगरसभेच्या वाड्यापुढील उघड्या चौकात होता. १८७३ मध्ये त्याला छताखाली आणले गेले. उंची पाच मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारे सतरा फूट. दालनाच्या टोकाशी तो एकटा उभा असतो आणि वरून त्याच्यावर उजेड पडतो.

सुनेला मनातून थोडा संकोच होता. मूर्ती पूर्ण विवस्त्र, आणि सोबत सासूसासरे. अक्कांनी तो ओळखला आणि हसून म्हणाल्या, "आपल्याला याचं काय नवल गं? कुंभोजला जाऊन आलेली माणसं आपण."

कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायथ्याशी १९६३ साली प्रतिष्ठापित झालेली अठ्ठावीस फुटी संगमरवरी मूर्ती या कुटुंबाने शेकडो वेळा पाहिली होती. आप्पा मात्र डेव्हिडभोवती एक फेरी मारून पुन्हा समोर आले आणि नातवंडांना म्हणाले, "याच्या कपाळाची आठी बघा. खांद्यावर गोफण आहे, मान वळवून शत्रूकडे बघतोय. हा लढाईच्या आधीचा क्षण आहे. आपला बाहुबली लढाईनंतरचा. जिंकला आणि जिंकलेलं सोडून उभा राहिला. म्हणून त्याच्या कपाळावर आठी नाही."

"मग हा जिंकल्यावर काय झाला?" नातवाने विचारले.

"राजा झाला."

मुलाने घड्याळ पाहिले. नऊ मिनिटे उशीर झाला होता.

अकादेमियातून थोड्याच अंतरावर एक प्रशस्त चौक आहे. त्याच्या एका बाजूला सडपातळ खांबांची, अर्धवर्तुळाकार कमानींची लांबलचक ओसरी दिसते. कमानींच्या वरच्या कोनांत निळ्या पार्श्वभूमीवर दुपट्यात गुंडाळलेल्या पांढऱ्या बाळांची गोल शिल्पे आहेत. हे 'इन्नोचेन्ती', निष्पापांचे घर. टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बांधलेला आश्रम. त्याचे काम १४१९ मध्ये सुरू झाले आणि १४४५ मध्ये त्याचे दार उघडले. आराखडा ब्रुनेलेस्कीचा, खर्चाची जबाबदारी रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाची. या कामाच्या मुळाशी एका व्यापाऱ्याचे मृत्युपत्र होते. शेजारच्या प्रातो गावच्या फ्रान्चेस्को दातिनी याने अशा आश्रमासाठी एक हजार सुवर्ण फ्लोरिन ठेवले होते. त्याने आयुष्यभर जपलेल्या चोपड्या आणि दीड लाखाच्या आसपास पत्रे आजही शाबूत आहेत आणि मध्ययुगीन व्यापाराच्या अभ्यासकांना ती खाणीसारखी आहेत. पण त्याच्या व्यवहारांतले सर्वांत दीर्घ मुदतीचे व्याज या ओसरीनेच दिले, असे म्हणावे लागेल.

सुनेने पुस्तकात वाचलेले सांगितले, "आत संग्रहालय आहे. बाळ ठेवून जाताना काही आया एखाद्या पदकाचा अर्धा तुकडा त्याच्यासोबत ठेवायच्या आणि दुसरा अर्धा आपल्याजवळ. कधी परत न्यायला आल्या तर ओळख पटावी म्हणून. ते तुकडे आत जपून ठेवलेत."

अक्का पायरीवर टेकल्या होत्या. त्या उठल्या आणि दाराकडे पाहत म्हणाल्या, "आत जायचं का?"

"आई, अकराचं घुमटाचं तिकीट आहे. वेळ चुकली तर सोडत नाहीत."

"बरं," अक्का म्हणाल्या आणि चालू लागल्या.

फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट हे त्या शहराचे मस्तक. १२९६ मध्ये या देवळाचा पाया घातला गेला, भिंती उभ्या राहिल्या, पण सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीचे भगदाड कसे झाकायचे हे कोणाला सुचत नव्हते. एवढ्या रुंदीला खालून लाकडी आधार देणे व्यवहार्य नव्हते. सोनारकामात तयार झालेल्या ब्रुनेलेस्कीने आधाराशिवाय घुमट उभारण्याचे धाडस केले. एकात एक अशी दोन कवचे, आणि विटांची रचना अशी की प्रत्येक थर बांधतानाच पुढच्या थराला पेलावे. १४२० मध्ये सुरू झालेले हे काम १४३६ मध्ये पुरे झाले. चाळीस लाखांहून अधिक विटा लागल्या. वर जायला आजही ४६३ पायऱ्या आहेत, आणि त्या अरुंद, दोन कवचांमधून जाणाऱ्या.

मुलगा, सून आणि नात वर गेले. नातवाला अरुंद जिन्याची भीती वाटली. तो आजीआजोबांबरोबर खाली राहिला. देवळाच्या दक्षिण बाजूस ब्रुनेलेस्कीचा पुतळा आहे, मान वर करून आपल्याच घुमटाकडे पाहणारा. त्याच्या जवळपास दगडी बैठक पाहून तिघे बसले. अक्कांनी गुडघ्यांना मलम लावले. आप्पांनी हॉटेलात मिळालेला कागदी नकाशा मांडीवर पसरला. नातू नदीवरून बोट फिरवत एकेक पूल मोजू लागला आणि नकाशाच्या डाव्या कडेशी थांबला.

"आजोबा, इथे 'इंडियानो' लिहिलंय. म्हणजे इंडियन का?"

आप्पांनी चष्मा सारखा केला. नदीवरच्या एका पुलाच्या नावात तो शब्द होता.

"हो. त्या पुलाला भारतीयाचं नाव आहे. आणि तो भारतीय आपल्या कोल्हापूरचा."

मग त्या गजबजाटात, आजूबाजूला दहा भाषा कानांवर पडत असताना, आप्पांनी नातवाला ती हकीकत सांगितली. छत्रपती राजाराम महाराज, कोल्हापूरचे अधिपती, १८७० साली विलायतेला गेले. समुद्र ओलांडणे हेच त्या काळी धाडस होते. इंग्लंड पाहिले, तिथल्या माणसांना भेटले, रोजनिशी लिहिली. ती पुढे १८७२ मध्ये लंडनमध्ये छापून निघाली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला याच शहरात वारले. वय वीस वर्षे. दहनाची प्रथा तेव्हा इटलीत नव्हती. तरीही शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि अर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. पुढे १८७४ मध्ये त्या जागेजवळ छत्री उभारली गेली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच हे मँट. पुढच्या शतकात जवळच मोठा पूल झाला, त्यालाही 'भारतीयाचा पूल' असेच नाव पडले.

"तुम्ही पाहिलाय?"

"नाही रे. पण मी राजाराम कॉलेजात शिकलो. चार वर्षं ज्यांच्या नावाच्या दारातून आत-बाहेर केली, ते इथे आहेत."

"मग आज जायचं ना?"

"आज नाही बसत. आणि हे बघ, बाबाला काही बोलू नकोस. एवढं सगळं आखून तो दमलाय."

नातवाने मान डोलावली. पण खिशातली पेन्सिल काढून घुमटापासून त्या पुलापर्यंत नदीकाठाने एक रेघ मात्र ओढून ठेवली.

सव्वाबाराला वरची मंडळी घामाघूम होऊन उतरली. नातीच्या डोळ्यांत साऱ्या शहराची कौलारू छपरे अजून तरळत होती. एका चौकातल्या दगडी बाकावर शिदोरी सुटली. घरून आणलेल्या दशम्या, लसणाविना केलेली शेंगदाण्याची चटणी आणि जवळच्या दुकानातून घेतलेला पाव. तोस्काना प्रांतातला पाव परंपरेने बिनमिठाचा असतो. "चटणीसाठीच केलाय जणू," अक्का म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मुलगा मोकळेपणाने हसला.

जेवणानंतर नव्या बाजाराची कमानदार ओसरी होती. तेथे रानडुकराचा कांस्य पुतळा आहे. त्याचे नाक चोळले की पुन्हा फ्लॉरेन्सला येणे होते असे मानतात, त्यामुळे ते नाक सोन्यासारखे चकचकीत झाले आहे. मुलांचे पाय तेथे थांबले. आप्पांचे लक्ष मात्र ओसरीच्या मध्यभागी जमिनीत बसवलेल्या चाकाच्या आकाराच्या दगडाकडे गेले. जुन्या काळी दिवाळे काढणाऱ्या व्यापाऱ्याला या जागी आणून, खालचे कपडे उतरवून, दगडावर बसकण आपटण्याची शिक्षा होई. या शहराने पतीची किंमत फार लवकर ओळखली होती. १२५२ मध्ये येथे सोन्याचा फ्लोरिन पाडला गेला, साडेतीन ग्रॅम शुद्ध सोन्याचा, आणि युरोपभर तो विश्वासाने घेतला जाऊ लागला. सराफ ज्या बाकावर बसून व्यवहार करीत, त्या 'बांको'वरूनच बँक हा शब्द आला. पण नावाजलेल्या पेढ्याही अखेर बुडाल्या. बार्दी आणि पेरुझ्झी १३४०च्या दशकात कोसळल्या; इंग्लंडच्या राजाकडे थकलेली कर्जे हे त्याचे एक कारण. १३९७ मध्ये सुरू झालेली मेदिची घराण्याची पेढी १४९४ पर्यंत टिकली. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये लुका पाचिओली याच्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धत छापून आली. हिशेब ठेवण्याची उत्तम रीत जगाच्या हाती पडली तेव्हा त्या काळची सर्वांत नामवंत पेढी बंद होत होती!

दुपारी दोनला उफ्फिझी. या शब्दाचा अर्थ 'कचेऱ्या' असा आहे. १५६० मध्ये राज्यकारभाराच्या कचेऱ्यांसाठी ही इमारत बांधायला घेतली; पुढे तिचेच जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय झाले. मेदिचींचा पैसा गेला, सत्ता गेली, वंशही संपला. पण घराण्यातील शेवटची स्त्री, आन्ना मारिया लुइझा, हिने १७३७ मध्ये करार करून ठेवला की घराण्याचा हा कलासंग्रह फ्लॉरेन्सबाहेर कधीही जाऊ नये. तिच्या त्या एका अटीमुळे हे सारे येथे राहिले.

एवढी माहिती मुलानेच वाचून ठेवली होती, पण ती ऐकायला कोणी उरले नव्हते. लांबलचक दालनातल्या बाकावर अक्का बसल्या त्या उठेनात. नातू त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपला. आप्पा त्या दोघांजवळ थांबले.

"आई, पुढच्याच खोलीत बोत्तिचेल्लीची चित्रं आहेत. इथे पुन्हा येणं होणार नाही. जरा चल ना." मुलाच्या आवाजात विनंतीपेक्षा थकवा अधिक होता.

"तू बघून ये. मी इथूनच बघितल्यासारखं करते," अक्का डोळे मिटूनच म्हणाल्या.

मुलगा त्या खोलीत एकटाच गेला. शिंपल्यावर उभी असलेली व्हीनस आणि तिच्यासमोर हातांत फोन उंचावलेली शे-दीडशे माणसे. त्यानेही फोन वर केला. मग कोणाला दाखवायचे म्हणून आपण येथे आलो, ती माणसे बाहेर बाकावर बसली आहेत, हे त्याच्या ध्यानात आले आणि फोटो न काढताच तो परतला.

पाच वाजता सारे जुन्या पुलावर, पोन्ते वेक्कियोवर आले. १३४५ चा हा दगडी पूल दोन्ही बाजूंनी दुकानांनी भरलेला आहे. पूर्वी येथे खाटकांची दुकाने होती. १५९३ मध्ये राज्यकर्त्याने त्यांना हलवून सोनारांना जागा दिली, आणि तेव्हापासून पूल सोनारांचा झाला. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले इतर सारे पूल उडवले. हा एक तेवढा शिल्लक ठेवला. अक्कांनी काचेआडच्या बांगड्या निरखल्या, मजुरीचा अंदाज केला आणि निर्वाळा दिला, "आपल्या गुजरीत यापेक्षा बारीक काम होतं."

मुलाने तक्ता उघडला. दहावी ओळ, टेकडीवरचा मायकेलअँजेलो चौक. तेथून साऱ्या शहराचे दर्शन होते. सूर्यास्त पाहायला जग लोटते. नातीला दिवसभरात सर्वांत जास्त ओढ त्याच ओळीची होती. मैत्रिणींना तेथला फोटो पाठवायचे तिने कबूल केले होते.

"बाबा, मग आजोबांचा पूल कधी?" झोप पूर्ण झालेल्या नातवाने विचारले.

"हाच की पूल."

"हा नाही. इंडियानो." त्याने घडी पडलेला नकाशा पुढे केला. पेन्सिलीची रेघ नदीकाठाने थेट नकाशाच्या कडेपर्यंत गेली होती.

आप्पा घाईने म्हणाले, "अरे, ते राहू दे. मुलांना टेकडी बघायची आहे."

मुलगा त्या रेघेकडे पाहत राहिला. तीन आठवड्यांपूर्वीचे ते 'बरं' त्याला आठवले. सकाळी ओसरीपाशी आईने म्हटलेले 'बरं'ही आठवले.

"आप्पा, तुम्ही परत का नाही म्हणालात?"

"तू एवढं सगळं बसवलं होतंस. त्यात आणखी माझं ओझं कशाला?"

पुलावरची गर्दी त्यांना दोन्ही बाजूंनी घासून जात होती. सून पुढे झाली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, दहा ओळी आपण लिहिल्या. एक त्यांनी सांगितली होती."

निर्णय सोपा नव्हता. रोमची गाडी रात्रीची होती. टेकडी आणि छत्री यांपैकी एकच जमणार होते. नातीचे डोळे भरून आले. "प्रत्येक वेळी माझंच का?" ती म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते, आणि कोणी ते खोटे ठरवले नाही. मुलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं राहिलं, हे मी लक्षात ठेवीन. तुला इथे पुन्हा आणणं माझ्या हातात आहे. आजोबांचं तसं नाही." ती काही बोलली नाही. पुलापलीकडे जाऊन त्यांनी मोठी टॅक्सी केली. वाटभर नात खिडकीबाहेर पाहत होती.

काशिने हे नदीकाठाने कित्येक किलोमीटर पसरलेले जुने उद्यान. टॅक्सीने सोडल्यानंतर उंच झाडांखालून बरेच चालावे लागले. अक्का मुलाच्या हाताच्या आधाराने चालल्या. पर्यटक मागे राहिले. धावायला आलेले, कुत्री फिरवायला आलेले स्थानिक लोक तेवढे भेटत होते. आणि झाडी सरून मोकळे झाले तशी ती दिसली. लोखंडी कुंपणाच्या आत, खांबांवर तोललेली नक्षीदार छत्री, आणि तिच्या सावलीत फेटा बांधलेल्या, गळ्यात मोत्यांचे सर असलेल्या एका कोवळ्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. मागे पोलादी दोरांनी तोललेला आधुनिक पूल. त्यावरून वाहने अखंड धावत होती.

आप्पांनी बूट काढले. कुंपणाशी जाऊन हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. दिवसभर ज्या माणसाने प्रत्येक वास्तूविषयी काही ना काही सांगितले, त्याने येथे एक शब्दही उच्चारला नाही.

"वीस म्हणजे माझ्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठे," नात हळूच म्हणाली. टॅक्सीत बसल्यापासूनचे तिचे ते पहिले वाक्य.

"वीस म्हणजे काय वय!" अक्का म्हणाल्या. "घरच्यांना शेवटचं तोंडही दिसलं नसेल."

बूट घालताना आप्पा मुलाला म्हणाले, "दगडाचा पुतळा बघायचा हट्ट नव्हता रे माझा. परक्या मुलखात आपल्या माणसाला इथल्या लोकांनी जागा दिली, नदी दिली, नाव जपलं. तेवढं डोळ्यांनी बघायचं होतं." किंचित थांबून ते पुढे म्हणाले, "तू इतक्या लांब राहतोस. बरं वाटलं बघून."

मुलाने उत्तर दिले नाही. पण वडील नेमके काय पाहायला आले होते, हे त्याला तेव्हा उमगले. अकरा वर्षांत दोघांपैकी कोणी जे बोलले नव्हते, ते दीडशे वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या निमित्ताने बोलून झाले होते.

सूर्यास्ताला अजून अवकाश होता. संगमाजवळच्या गवतावर उरलेल्या दशम्या, चटणी आणि वाटेत घेतलेल्या चेरी असे जेवण दिवस मावळण्याआधी उरकले. मुन्योनेचे बारीक पाणी अर्नोच्या संथ पात्रात मिसळत होते. नातीने उठून छत्रीचा एक फोटो काढला. त्यात कुंपणाशी पाठमोरे उभे असलेले आजोबाही आले. तो तिने मैत्रिणींना पाठवला की नाही, ते तिने सांगितले नाही.

रात्री रोमच्या गाडीत मुलाने तक्ता पुरा करायला घेतला. टेकडीच्या ओळीपुढे 'झाले' लिहिता येईना. छत्रीची तर ओळच नव्हती. त्याने टेकडीपुढे 'बाकी' असे लिहिले, नातीचे नाव घातले, आणि अगदी वर, सव्वाआठच्याही आधी, एक नवी ओळ घातली. मग रोमचे वेळापत्रक उघडून फोन आईपुढे धरला. "आई, उद्याचं काय काय बघायचं ते तू सांग. आणि 'बरं' म्हणायचं नाही."

अक्कांनी बराच विचार केला. "उद्या सकाळी दहापर्यंत कुठेच जायचं नाही," त्या म्हणाल्या.

सुटीच्या दिवसांत अनेक घरांतून असे तक्ते तयार होतात, आणि ते करणाऱ्यांचे कष्ट लहान नसतात. त्यांनी एवढेच करावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा नव्हे, दोनदा विचारावे. पहिल्या वेळी ते 'बरं' म्हणतात. हा शब्द होकाराच्या रकान्यात टाकण्याची चूक फार जण करतात. बहुतेक वेळा तो होकार नसतो. आपली मागणी त्यांनी मुलांच्या सोयीसाठी स्वतःहून माफ केलेली असते. अशी माफी कोणत्याही वहीत लिहिलेली नसते. म्हणून ती शोधावी लागते, आणि वेळेत शोधावी लागते.